कॉलेजातला समुपदेशक: आदेश आला, आता हिशेब मागायला हवा

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे द्यावा, अशी तिच्या वडिलांची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली आणि पुढे जाऊन मानसिक आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असे स्पष्ट केले. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेस यांच्यासाठी १५ मार्गदर्शक सूचनाही दिल्या. याविषयी कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत.

हा निकाल आपल्या राज्याला जास्त लागू पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. फुले-शाहू-आंबेडकरांच्या राज्यात शिक्षणाने मुक्ती मिळते असे आपण सांगतो. त्याच राज्यात शिकायला गेलेली इतकी मुले परत येत नाहीत, याचा विचार करावाच लागेल.

आदेशात नेमके काय आहे, हे पालकांपर्यंत पोहोचलेले नाही. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात आणि संकेतस्थळावर ठळक लावायचे आहेत. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता, संवेदनशीलतेने कसे वागायचे, हेही कर्मचाऱ्यांना शिकवायचे आहे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असावी, असेही न्यायालयाने सांगितले आहे.

आता प्रत्यक्ष स्थिती पाहू. वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांत काम करताना आम्हाला दिसते ते असे: फलकावर 'समुपदेशन कक्ष' लिहिलेले असते आणि आत स्टेशनरीची कपाटे असतात. नॅकच्या मूल्यांकनात अभ्यास आणि ताणतणाव यांसाठी मार्गदर्शक शिक्षक किती, हे विचारले जाते. म्हणून यादी तयार होते, वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक दाखवला जातो, वर्षातून दोनदा सह्या घेतल्या जातात. जो शिक्षक प्रॅक्टिकलचे गुण देतो, त्याच्याजवळ मुलगी घरातली मारहाण किंवा वर्गातला अपमान कशी सांगणार? समुपदेशक हा गुण देणारा नसावा आणि वसतिगृहाचा रेक्टरही नसावा, ही पहिली अट आहे.

दुसरी अट जातीविषयी आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या आईंनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती उच्च शिक्षणातल्या जातीय भेदभावाविरुद्ध. त्याआधी २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधला भेदभाव नोंदवला होता. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. म्हणजे हा प्रश्न नवा नाही आणि फक्त 'मन कमकुवत असण्याचा' तर मुळीच नाही.

प्रवेशाची रँक विचारून ज्याची जात काढली जाते, ज्याच्या इंग्रजीवर हसले जाते, तो मुलगा समुपदेशकाकडे गेला आणि त्याला 'तू फार मनाला लावून घेतोस' असे ऐकावे लागले, तर तो पुन्हा त्या खोलीत जात नाही. अशा मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. त्याचे ऐकून घेणे, घडले ते खरे मानणे आणि त्याची तयारी असेल तर तक्रारीची वाट दाखवणे, ही तिन्ही कामे समुपदेशनातच येतात. बहुजन विद्यार्थ्यांना आपले म्हणणे समजणारा थेरपिस्ट मिळावा यासाठी 'द ब्लू डॉन'सारखे गट उभे राहिले, ते याच गरजेतून.

तिसरी गोष्ट पैशाची. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती अडकते, स्वाधार योजनेचा हप्ता उशिरा येतो, खोलीमालक भाड्यासाठी दारात उभा असतो. झोप उडते, भूक मरते, वर्गात लक्ष लागत नाही. हे आजार वाटतात, पण त्यांचे मूळ कधी कधी समाजकल्याण कार्यालयातल्या एका प्रलंबित अर्जात असते. न्यायालयाने समुपदेशकाबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचाही पर्याय दिला आहे, त्याचे महत्त्व इथे आहे. मुलाचे मन सांभाळणारा माणूस त्याचा अर्जही पुढे सरकवू शकला पाहिजे.

आपल्या समाजातही बोलायला हवे. मूल गप्प झाले की 'दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा, ठीक होईल' असा सल्ला दिला जातो. ध्यानाचा लाभ अनेकांना होतो. पण विपश्यना केंद्रांच्या स्वतःच्या नियमावलीतच लिहिले आहे की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तिची शिफारस केली जात नाही. तेव्हा आधी डॉक्टर, मग डॉक्टरांना विचारून शिबिर. 'बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला एवढे जमत नाही?' हे वाक्यही घरातून काढून टाकूया. बाबासाहेबांचा संघर्ष मुलाला बळ देण्यासाठी सांगायचा असतो, त्याला लाजवण्यासाठी नाही.

आज हाताशी असलेले पर्याय असे:

टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. मराठीत बोलता येते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता फोन करा. सोबत कोणीतरी थांबा.

जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. खासगी थेरपीच्या एका तासाची फी अनेक घरांच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त असते. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे नाममात्र खर्चात मिळू शकतात. शिवाय ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

आयकॉल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ही सेवा फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते.

कोणाकडे जायचे यातही गोंधळ असतो. समुपदेशक ऐकतो, मार्ग शोधायला मदत करतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतो. औषध मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर देतो. औषध सुरू झाले म्हणजे 'वेडा झाला' असे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ नुसार उपचार मिळणे हा हक्क आहे आणि कलम २३ नुसार माहिती गुप्त राहणे हाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नयेत.

सुविधा आहेत, पण मागितल्याशिवाय त्या मिळत नाहीत, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून प्रत्येक गावातल्या, वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनी जवळच्या महाविद्यालयाला लेखी विचारावे: समुपदेशक कोण, त्याची पात्रता काय, तो आठवड्यातून किती तास बसतो, गुण देण्याशी त्याचा संबंध आहे का, भेदभावाची तक्रार कोणाकडे करायची? अनुदानित आणि सरकारी संस्थांकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. उत्तर आले नाही तर जिल्हा समितीबाबत जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे. विहारात दर महिन्याला एक तास विद्यार्थी आणि पालकांसाठी ठेवावा. १४४१६ हा नंबर सूचनाफलकावर कायम लावावा.

भीमजयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग वस्तीतल्या मुलांच्या प्रवासखर्चासाठी आणि औषधांसाठी बाजूला काढता येईल. मुलांना 'शिका' म्हणून आपणच पाठवले आहे. तिथे ती टिकावीत, यासाठी हा हिशेब आपणच मागायला हवा.