शेवटचा दिवस मोकळा ठेवा

आमचा नातू मित्रांबरोबर स्कूबा डायव्हिंगसाठी अंदमानातल्या स्वराज द्वीपला, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकला निघालाय. सकाळी शेवटची बुडी, बोटीने परत आणि त्याच दिवशी विमान, असा बेत! मला तो मुळीच पसंत नाही. पाण्याखालच्या दाबाने श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि नंतर सावकाश बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं तर हवेचा दाब घटून, सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबायचा दंडक आहे. मुलं म्हणतात, मुक्कामाचा खर्च वाढेल. वाढू दे की! अशा सहलीचा बेत परतीच्या दिवसापासून उलटा आखावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळी, तुम्हांला काय वाटतं?