परिशिष्टात ढकललेला प्रश्न

अनेक संगणकांनी मिळून एकच हिशेब सांभाळावा, एखादा बंद पडला तरी तो चुकू नये, या विषयावरचे निबंध वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. यंत्रांची यादी ठरलेली असेतोवर लेखकमहाशय सिद्धतांमागून सिद्धता देतात. काम चालू असताना ती यादीच बदलायची कशी, हे मात्र बहुतेकजण दोन परिच्छेदांत उरकतात. जणू किरकोळ डागडुजीच!

किरकोळ? तीन यंत्रांची पाच करायची आहेत असे धरा. बातमी सर्वांना एकाच क्षणी पोचत नाही. जुन्या यादीवर विसंबलेली दोन यंत्रे तिघांतले बहुमत म्हणून एक निर्णय घेतात. बातमी मिळालेले तिसरे आणि नवी दोन मिळून पाचांतले बहुमत म्हणून दुसराच. दोन्ही बहुमते नियमाला धरून, आणि खातेदाराच्या पैशांचे वाटोळे! ओंगारो व औस्टरहाउट यांनी २०१४ साली ‘राफ्ट’ मांडताना संक्रमणकाळी दोन्ही याद्यांचे बहुमत मागितले, ते याचसाठी. ओंगारोंच्या त्याच वर्षीच्या प्रबंधात एका वेळी एकच यंत्र बदलण्याची सोपी रीत होती. २०१५ साली तीत खोट निघाली. (ती त्यांनी स्वतःच जाहीर केली, हे त्यांना शोभले.)

‘मग घटकाभर सारेच थांबवा’ म्हणणारे शहाणेही आहेत. खातेदाराने तोवर काय करावे? लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्रेमर व मॅगी यांनी १९९० सालीच सांगितले होते : बदलायचा भाग आणि त्याच्याशी व्यवहार करणारे शेजारी, एवढ्यांनीच हातचे काम पुरे करून नवे काढू नये, बाकीच्यांनी चालू राहावे. इतक्या वर्षांनंतरही हा प्रश्न परिशिष्टात ढकलणारा निबंध परीक्षकांनी खुशाल साभार परत करावा.