भुसा जाळायचा की कामाला लावायचा?

गोंदियात राहत असाल, तर राइस मिलच्या आवारातला भुशाचा ढीग तुम्ही पाहिलाच असेल. १०० किलो धान भरडलं की साधारण २० किलो भुसा, म्हणजे वरचं टरफल निघतं. त्यातला बराचसा बॉयलरमध्ये जळतो. कोळसा वाचतो, हे चांगलंच. पण जाळण्यापेक्षा जास्त किमतीचं त्यात काही आहे का?

आहे! भुशात हेमिसेल्युलोज असतं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. उष्णता, पाणी आणि योग्य उत्प्रेरक, म्हणजे आपलं कॅटॅलिस्ट, मिळालं की त्या तुटून झायलोज ही साखर बनते आणि पुढे फरफ्युरल. हे रसायन वंगण तेल शुद्ध करायला आणि फाउंड्रीच्या रेझिनसाठी लागतं. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्येच ओटच्या टरफलांपासून ते काढायला सुरुवात केली होती. पण त्या पद्धतीत सल्फ्युरिक ॲसिड लागतं. यंत्रं गंजतात, आम्लाचं सांडपाणी उरतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रमाकांत साहू आणि परेश ढेपे यांनी २०१२ मध्ये त्याऐवजी झिओलाइटसारखे घन उत्प्रेरक वापरून दाखवले. १७० अंश तापमान, सहा तास. नुसत्या पाण्यात १८ टक्के फरफ्युरल मिळालं. सोबत पॅरा-झायलीन घातल्यावर ५६ टक्के. मग घोडं कुठे अडलं? दर वेळी पुन्हा वापरताना उत्प्रेरकाची ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटत होती. प्रयोगशाळेत हे चालतं, पण कारखान्याचं गणित इथेच बिघडतं.

तरी गोंदियाची बाजू भक्कम आहे. तणस शेतोशेती गोळा करावी लागते. भुसा मात्र मिलमध्ये आयताच जमा होतो. शिवाय त्याच्या राखेत मुख्यतः सिलिका असते आणि तिच्यापासून झिओलाइटही बनवता येतं. म्हणजे कच्चा माल आपला आणि उत्प्रेरकाचा मालही आपलाच.

आता खरा प्रश्न. धान विकलं की भुशावरचा शेतकऱ्याचा हक्क संपतो. उद्या भुशाला रसायनाचा भाव आला, तर त्यातलं काही धानाच्या दरात उतरेल का? केमिस्ट्रीवाल्यांनो, टिकाऊ उत्प्रेरक शोधणं तुमचं काम. आणि बाकीच्यांनो, हा प्रश्न विचारणं आपलं. पुढच्या प्रोजेक्टसाठी विषय हवाय ना? जवळच्या मिलमध्ये जा आणि एवढंच विचारा: भुसा काय भावाने जातो आणि राख कुठे जाते?