तोरण्याची गाडी कितीला?

भाचा पुण्यात पेठेत राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खोलीभाडं, मेस, अभ्यासिका यांचा मेळ घालता घालता महिनाअखेरीला खिशात काय राहतं ते विचारू नका. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "मामा, आम्ही चौघं तोरणा करायचं म्हणतोय, एका दिवसात जाऊन-येऊन. माणशी चारशेत बसेल का? इथं एका ग्रुपवाल्यानं बाराशे सांगितलेत."

मी तालुक्याच्या गावचा बातमीदार. रस्ते, पाणी, एसटी हेच आयुष्यभर लिहीत आलोय. म्हटलं हे तर आपलंच काम. वही घेऊन बसलो.

तोरणा म्हणजे १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. हिमालयवाले हसतील, पण वेल्ह्यातून अडीच-तीन तास अंगावर येणारी चढण चढून बिनी दरवाजाला टेकलात की हसायला दम उरत नाही. पुण्यापासून अंतर साठेक किलोमीटर. स्वारगेट, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण स्टँडवर वेल्हे म्हणूनच विचारा.)

हिशेब असा. लाल परीनं जायला शंभराच्या आसपास, यायला तेवढेच. चौघांत दोन मुली, त्यांना २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे त्यांचे शंभर वाचले. सकाळी चहा-पोहे पन्नास. उतरल्यावर गावात पिठलं-भाकरी, ठेचा, शे-दीडशे. मुलांचे चारशे, मुलींचे तीनशे. कुठं पावती फाडावी लागली तर त्याला वीस-पन्नास सुटे वेगळे. पाणी खोलीवरूनच भरून न्यायचं, माणशी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण दिवाळीनंतर त्यांच्या भरवशावर राहू नका असं बजावलं. शेंगदाणे, गूळ, चार केळी. बूट नवे घ्यायचे नाहीत, जुने पण तळ न झिजलेले घालायचे. कड्याजवळच्या टप्प्यात रेलिंग आहे, तिथं सेल्फी काढत उभं राहायचं नाही. आणि काही झालं तरी दुपारी एकला परत फिरायचं, मग झुंजार माची बघून झालेली असो वा नसो. दिवस लवकर मावळतो.

पैशाचं जमलं. घोडं अडलं ते गाडीच्या वेळेवर.

शहरातल्या माणसाला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. खेड्यातली एसटी गावाच्या सोयीनं धावते, आणि तेच बरोबर आहे. मुक्कामी गाडी रात्री गावात झोपते. पहाटे दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन शहराकडे येते आणि संध्याकाळी त्यांना परत सोडते. गड चढणाऱ्याला हवं असतं नेमकं उलटं. पहाटे शहरातून डोंगराकडे, संध्याकाळी डोंगरातून शहराकडे. म्हणजे वेल्ह्याला गाड्या जातात, रस्ता आहे, स्टँड आहे, पण तुमची वेळ आणि गाडीची वेळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. सकाळच्या गाडीनं पोचून चढायला लागेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. आणि उतरायला तासभर उशीर झाला की परतीची गाडी गेलेली असते.

मग पोरं काय करतात? मित्राची मोटारसायकल मागून आणतात. रात्री दोन-अडीचला निघतात, डबलसीट, थंडीत कुडकुडत. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेलं तरी दोघांत वाटून एसटीपेक्षा स्वस्तच पडतं, तिथं वाद नाही. पण रात्रभर न झोपता गाडी हाणायची, दिवसभर गड चढा-उतरायचा आणि संध्याकाळी ट्रकांच्या गर्दीत सातारा रस्त्यानं परत यायचं. भीती मला कड्याची कमी वाटते, या परतीच्या प्रवासाची जास्त.

दुसरा मार्ग ग्रुपवाल्यांचा. ते सगळे लुटतात असं मी म्हणणार नाही. त्यांना गाडी करावी लागते, जाणता माणूस बरोबर द्यावा लागतो, त्याचे पैसे होतातच. काही जण फार मन लावून करतात. पण बाराशेतला मोठा वाटा गाडीचा असतो, हे मान्य करू. म्हणजे गरीब पोराचा डोंगर महाग झालाय तो डोंगरामुळे नव्हे, तिथवर पोचण्यामुळे.

उलट सिंहगड बघा. शनिवारवाडा-स्वारगेटकडून पायथ्याला पीएमपीची बस जाते. जून २०२५ मध्ये भाडं वाढलं, किमान तिकीट पाचाचं दहा झालं, लोक कुरकुरले. तरीही आज दोनशेच्या नोटेत जाणं-येणं होतं, वर एक ग्लास ताक होतं आणि सुटे परत मिळतात. म्हणून आतकरवाडीच्या वाटेवर भल्या सकाळी आयटीवालाही दिसतो आणि मार्केट यार्डातला हमालही. साठीच्या आज्या आपल्याला मागं टाकून जातात तो अपमान वेगळाच. २०२२ च्या मे महिन्यात घाटात खासगी गाड्या बंद करून वर ई-बस सोडायचाही प्रयोग झाला, तो त्याच महिन्यात गुंडाळला गेला. तो फसला म्हणून खालची साधी बस चुकीची ठरत नाही. ती चालते, आणि गेली कित्येक वर्षं चालते.

मग वेल्ह्याला, गुंजवण्याला का नाही? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातले तीन, राजगड, लोहगड आणि शिवनेरी. फ्लेक्स लागले, पेढे वाटले, मीही बातमी केली. लोहगडाला निदान मळवलीपर्यंत लोकल आहे, तिथून भाजे गावातून चालत जाता येतं. शिवनेरीला जुन्नर स्टँड जवळ. राजगडाला मात्र रविवारी पहाटे पुण्यातून निघून संध्याकाळी परतायचं म्हटलं तर सगळे म्हणतात, "गाडी काढ की."

एका ओळखीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "दादा, रिकामी गाडी पळवली तर डिझेल कोण देणार?" रास्त आहे. पण रोज कुठं मागतोय? ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फक्त शनिवार-रविवार, पहाटे साडेपाचला स्वारगेटहून एक आणि संध्याकाळी साडेपाचला वेल्ह्याहून एक. आषाढीला, गणपतीला जादा गाड्या सोडायचं तंत्र एसटीला नवं नाही. चाळीस जण जमले तर प्रासंगिक करारावर अख्खी बस मिळते, हेही खरं. पण चौघांनी छत्तीस अनोळखी माणसं आणायची कुठून? ते काम वेळापत्रकाचं आहे. आणि सकाळी तिकडे जाणारी गाडी गावालाही उपयोगी पडते. पुण्यात नोकरी करणारी पोरं सुट्टीला घरी जातील, बाजाराला आलेले परततील.

आणखी एक. बसनं आलेला माणूस गावातच जेवतो. त्याच्याकडे डिकीत भरलेली पाकिटं नसतात, गाडी सुटायला वेळ असतो, मग तो चहा घेतो, भाकरी खातो, जाताना घेवडा-भुईमूग घेऊन जातो.

पावसाळ्यात आपल्याकडे दुसरी तऱ्हा. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडून चौघं गेले. त्यानंतर जिल्ह्यात जमावबंदीचे, प्रवेशबंदीचे आदेश निघतात. निघायलाच हवेत, माणसं मेली आहेत. पण पर्यटकाशी सरकारचा संबंध एवढाच का असावा, की जाऊ नका म्हणून सांगायचं? जिथं आणि ज्या दिवसांत जाणं सुरक्षित आहे, तिथं न्यायला एक बस तरी द्या. बस असली की किती जण वर गेले नि किती खाली आले, तेही कुणाला तरी कळतं.

माझी वही भाच्यानं मुकाट्यानं ऐकली. आदल्या दिवशी स्वारगेटच्या चौकशीत जाऊन वेळ विचारून ये म्हटलं, तेवढं त्यानं केलं. शनिवारी रात्री एक मित्र वेल्ह्याजवळच्या गावातला निघाला, त्याच्याकडे ओसरीवर झोपले, पहाटे चढले. एकला फिरायचं ते मात्र अडीचला फिरले. रविवारी संध्याकाळी सातला मी फोन केला. चौघंही नसरापूर फाट्यावर उभे होते. भाजीच्या टेम्पोनं तिथवर सोडलं होतं, पुढं पुण्याची गाडी बघत होते.

"कितीत झालं?" मी विचारलं.

"तीनशे ऐंशी, मामा. पण अजून पोचलो नाही."