गृहचर्चा : एअर फ्रायरचा धूर

जेथे धूर तेथे अग्नी, हे नैयायिकांचे अनुमान आमच्या वाचकांस परिचित आहेच. परंतु त्याच शास्त्रकारांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेविली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. म्हणून एअर फ्रायरमधून धूर निघताच यंत्र बिघडले असा निकाल देण्यापूर्वी, जळते आहे ते काय, हा प्रश्न विचारावा.

बहुधा उत्तर तेल हेच येते. हल्ली घरोघरी लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची आवड वाढली आहे व ती योग्यच आहे; पण हे तेल सुमारे 160 अंशांवरच धुरावू लागते. यंत्र 200 अंशांवर लावल्यास धूर व्हावयाचाच! अशा वेळी उष्णता उतरवावी, किंवा सुमारे 230 अंश सोसणारे रिफाइंड तेल वापरावे. दुसरे कारण मागील खेपेचा चुरा. पापड, कढीलिंब यांसारखे हलके जिन्नस पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेस चिकटतात. प्लग काढून यंत्र पूर्ण निवल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. नव्या यंत्रास पहिल्या एकदोन वेळी वास येतो. ते थोडा वेळ रिकामे चालविल्यास तो बहुधा जातो.

परंतु वास रबराचा वा प्लॅस्टिकचा असेल, तर जळते आहे ते इंधन नव्हे, वायर होय. 1500 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. जुन्या वाड्यांतील 6 अँपिअरच्या सॉकेटला हा भार पेलवत नाही. 16 अँपिअरचेच सॉकेट हवे, आणि एकाच जागी अनेक प्लग जोडण्याची युक्ती नकोच. असा वास आल्यास यंत्र पुन्हा लावून पाहू नये, कारागिरास दाखवावे.

प्रत्यक्ष ज्वाळा दिसल्यास खण उघडू नये, कारण वारा मिळून अग्नी भडकतो. पाणीही घालू नये. मेन स्विच बंद करावा, आणि वृद्धांस व मुलांस प्रथम बाहेर न्यावे. 6 नोव्हेंबर 2021 रोजी आमच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत दहाहून अधिक रुग्ण दगावले. ज्यांस स्वतः उठून जाता येत नाही, त्यांची काळजी आधी घ्यावयाची असते, हे नगरकरांस वेगळे सांगावयास नको.