दहा मिनिटांत काळी होते ती मेहंदी नव्हे

परभणीकरांनो, फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा पाळणे, हलवा-पराठा, बांगड्यांची दुकानं आणि मध्येच कुठंतरी सतरंजी टाकून बसलेल्या आम्ही मेहंदीवाल्या. जिल्ह्यातल्या जत्रांत अकरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून स्पष्ट बोलते. राग आला तर येऊ द्या.

"ताई, दहा मिनिटांत काळी होणारी काढा." गर्दीच्या दिवशी हे किती वेळा ऐकते, मोजत नाही आता. अहो, मेहंदीच्या पानात काळा रंग नसतोच! पानातलं लॉसोन कातडीला धरतं, आधी नारिंगी दिसतं, मग दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होतं. त्यासाठी लेप काही तास हातावर ठेवावा लागतो. झटपट काळंभोर करणाऱ्या कोनात बहुतेक वेळा केसांच्या डायमधलं रसायन असतं, पीपीडी. युरोपात केसांच्या रंगातसुद्धा ते 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेत कातडीला लावायच्या वस्तूंत त्याला परवानगीच नाही. आणि आपण चार वर्षांच्या लेकराचा हात पुढं करतो.

सगळ्यांना त्रास होत नाही, खरंय. पण ज्याला होतो त्याच्या हातावर नक्षी जशीच्या तशी फोडांनी उठते, डाग राहतो, आणि पुढं कधी केसांना डाय लावला तरी तोंड सुजू शकतं. हे त्याच रात्री दिसत नाही. काही दिवसांनी दिसतं, कधी कधी आठवड्यानंतर. तोवर जत्रा उठलेली असते. विचारणार कोणाला?

मग "मेहंदीवालीनं फसवलं" म्हणून मोकळं व्हायचं. तिला तो कोन ठोकवाल्यानं दिलेला असतो, वर ना बनवणाऱ्याचं नाव, ना बॅच नंबर, ना घटक. सौंदर्यप्रसाधनावर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. बघतं कोण? मागच्या वर्षी एका जत्रेत (नाव घेत नाही) जागेचे पैसे घ्यायला माणूस सकाळी सातला हजर. पावती मागितली तर हसला. शेजारच्या काळ्या कोनाचं सांगितलं तर म्हणे, "तुमच्या जागेपुरतं बघा."

मी पावडर वस्त्रगाळ करते, लिंबू, साखर, निलगिरीचं तेल घालून रात्रभर भिजवते. तो कोन महाग पडतो. तुम्ही तीस रुपयांचे वीस करता आणि वरून म्हणता, रंग हळू चढतो.

आता काहीजण म्हणतील, कारवाई झाली तर गरीब बायांच्या पोटावर पाय येईल. येईलच, जर छापा सतरंजीवर पडला तर. तो ठोकवाल्याच्या गोदामावर पडू द्या. अन्न व औषध प्रशासनानं जत्रेच्या आठ दिवस आधी बाजारातले नमुने उचलावेत. जागेचे पैसे घेणाऱ्यांनी पावती द्यावी, आणि बिननावाचा कोन दिसला तर बाईला न हाकलता तो कोणाकडून घेतला ते विचारून घ्यावं.

उरुसाच्या आधी आम्ही काहीजणी हेच निवेदन घेऊन जाणार आहोत. मेहंदी काढणाऱ्या बहिणींनो, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही असा, सही करायची असेल तर खाली गावाचं नाव लिहा. आणि घरी बिननावाचा काळा कोन पडला असेल तर टाकू नका, दुकानाच्या बिलासकट जपून ठेवा. सोबत न्यायचाय.