टोपीचा ताळेबंद

व्यापारी घरात मोजमापाला मान असतो. तराजूचा काटा, कापडाचा गज, वहीतील शिल्लक यांबाबत कोणी ‘अंदाजे’ हा शब्द खपवून घेत नाही. त्याच घराच्या माजघरात विणकाम मात्र बहुधा अंदाजानेच चालते. ‘हाताला सवय आहे’ एवढ्या भांडवलावर टोपी सुरू होते आणि तयार झाल्यावर ती डोक्याची न राहता कधी वाटी, कधी थाळी, तर कधी झालर होऊन बसते. क्रोशाच्या सुईने विणलेली, मागे सैल झुकणारी टोपी हे या अंदाजपंचे कारभाराचे उत्तम उदाहरण होय. दिसायला ती ढिली. परंतु तिचा ढिलेपणा नेमका मोजलेला असावा लागतो.

सांगलीच्या एका हळदीच्या अडत्याच्या घरात गेल्या वर्षी या टोपीने तीन आठवडे घेतले. धाकट्या सुनेवर कर्करोगाचे उपचार चालू होते आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर तिचे केस गेले. रुमाल बांधावा तर तो सरकतो. घट्ट टोपी घालावी तर डोक्याचा उघडा आकार लपत नाही. दिवाळी तोंडावर आली होती. वहीपूजनाला सारे नातलग दुकानात जमणार, आणि तिने आधीच सांगून टाकले होते, “ताई, मी या वर्षी वरच थांबते. मला कोणाचे प्रश्न नकोत.”

थोरल्या जावेने वाद घातला नाही. सुती धागा आणि चार मिलिमीटरची सुई घेऊन ती बसली. टोपी मागच्या बाजूला अशी झुकली पाहिजे, की आत अंबाडा बांधला आहे असे वाटावे, एवढाच तिचा हेतू होता. लोकर तिने जाणूनबुजून टाळली. उपचारांनी हळवी झालेली कातडी लोकरीने खाजते. शिवाय त्या घरात प्राणिज वस्तू सहसा येत नसत.

पहिली टोपी तिने भराभर टाके वाढवत विणली. कडेला लाटा उठल्या आणि टोपीची झालर झाली. उसवली. दुसऱ्या वेळी धास्तीने टाके कमी वाढवले. टोपी वाटीसारखी आत वळली आणि कानशिलावर आवळू लागली. तीही उसवली. तिसरी टोपी मोठी व सपाट झाली, पण डोक्यावर ठेवताच भाकरीसारखी पसरली आणि काठ भुवयांवर उतरला.

सासरे कोपऱ्यात बसून हे पाहत होते. चाळीस वर्षे त्यांनी किर्द-खतावणी स्वतःच्या हाताने लिहिलेली. ते म्हणाले, “सूनबाई, टाके घेतलेस ते जमेला दिसतात. नावे कुठे पडले? घेतलेले फेडायला नकोत का?”

विणकामाचे एक अक्षरही त्यांना येत नव्हते. तरी नेमकी चूक त्यांनीच दाखवली.

टोपी माथ्यापासून विणली जाते, म्हणजे आरंभी ती एक वर्तुळ असते. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सुमारे सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो. हा नियम पाळला तरच विणकाम सपाट राहते. मुका खांब, म्हणजे धाग्याचा वेढा न घेता घातलेला टाका, जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणून त्यात प्रत्येक फेरीला ६ टाके वाढवावे लागतात. एका वेढ्याचा खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच. म्हणून त्यात १२. झालर झाली तर वाढ जास्त झाली असे समजावे. वाटी झाली तर कमी. प्रत्येक फेरीनंतर काम टेबलावर पसरून पाहावे, म्हणजे दहाव्या फेरीत पश्चात्ताप करण्याची वेळ येत नाही.

ज्या झालरीमुळे टोपी बिघडते, तिलाही गणितात मानाचे स्थान आहे. लॅटव्हियात जन्मलेल्या आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्या वेळी शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी १९९७ साली मुद्दाम प्रमाणाबाहेर टाके वाढवत क्रोशाचे नमुने विणले. कागदावर समजावून सांगण्यास अवघड असलेले ‘हायपरबोलिक’ प्रतल त्यामुळे विद्यार्थ्यांना हातात धरता आले. म्हणजे झालर ही चूक नव्हे. टोपीच्या जागी आली तरच ती चूक.

थोरल्या सुनेने मग वहीचे एक पान फाडले व प्रथम नमुना विणून मोजला. दहा सेंटिमीटरमध्ये रुंदीला १६ खांब आणि उंचीला ८ फेऱ्या बसत होत्या. डोक्याचा घेर केसांशिवाय ५३ सेंटिमीटर भरला. टोपीचा काठ घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी असावा, नाही तर सुती धागा वापरात सैल पडतो. म्हणून काठासाठी ५० सेंटिमीटर धरले.

नंतरचा हिशेब असा झाला. मधल्या वळ्यात १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढ, म्हणजे ३६. याप्रमाणे सातव्या फेरीअखेर ८४ टाके होतात आणि घेर साडेबावन्न सेंटिमीटर भरतो. डोक्याला चिकटून बसणारी साधी टोपी हवी असेल, तर वाढ इथेच थांबते. झुकती टोपी हवी असेल, तर आणखी दोन फेऱ्या वाढवायच्या: ९६, मग १०८. आता घेर साडेसदुसष्ट सेंटिमीटर झाला. हे जादा २४ टाके म्हणजे घेतलेले कर्ज होय. टोपीचा सगळा सैलपणा त्यांतून येतो.

पुढच्या ८ फेऱ्या १०८ टाक्यांवरच, वाढ नाही आणि घट नाही. या दहा सेंटिमीटरमध्ये टोपीला लांबी मिळते व ती मागे पडू शकते. मग परतफेड. एका फेरीत दर सात टाक्यांनंतर दोन टाके एकत्र विणायचे, उरतात ९६. पुढील फेरीत दर सहा टाक्यांनंतर तसेच, उरतात ८४. दोन फेऱ्यांत घेतलेले दोन फेऱ्यांत फिटले. शेवटी साडेतीन मिलिमीटरच्या सुईने मुक्या खांबांच्या फेऱ्या घालून तीन सेंटिमीटरचा घट्ट काठ. टोपीची एकूण लांबी सुमारे सत्तावीस सेंटिमीटर भरली.

तिसरी टोपी का फसली, ते या मांडणीत आपोआप दिसते. रुंदी घेतली होती. मधली लांबी दिली नव्हती आणि परतफेड तर केलीच नव्हती. रुंदी पुष्कळ आणि लांबी थोडी असेल, तर परतफेड करूनही टोपी चपटी होते. बास्क लोकांची बेरे किंवा स्कॉटलंडची टॅम ओ’शँटर याच घराण्यातल्या. उलट लांबी पुष्कळ आणि जादा रुंदी काहीच नाही, तर टोपीचा मोजा होतो. झुकता आकार दोहोंच्या मेळातून येतो.

आणखी काही बारकावे सांगणे अवश्य आहे. फेरीच्या आरंभी तीन साखळ्या घेतल्या, तर त्या एक खांब म्हणून मोजायच्या की नाही हे एकदा ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे. टाके चोरपावलांनी कमी-जास्त होतात ते इथेच. वाढ प्रत्येक फेरीत एकाच जागेवर येऊ लागली, तर वर्तुळाला कोपरे फुटतात. म्हणून वाढीच्या जागा एक-दोन टाके पुढेमागे सरकवाव्यात. धागा जाड व ताठ असेल, तर हिशेब बरोबर असूनही टोपी झुकत नाही, उभी राहते. अशा वेळी काठाखेरीज उरलेल्या भागासाठी अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्यावी आणि नमुना पुन्हा मोजावा. ऍक्रिलिक धाग्यावर गरम इस्त्री फिरवू नये. टोपी उघड्या कातडीला लागणार असेल, तर आतल्या बाजूला गाठ ठेवू नये. धाग्याची टोके टाक्यांतून लांबवर ओवून जिरवावीत.

चौथी टोपी धनत्रयोदशीच्या रात्री पूर्ण झाली. वहीपूजनाच्या वेळी धाकटी सून जिना उतरून दुकानात आली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. टोपी मागे मानेवर अलगद झुकली होती. पूजा आटोपल्यावर इचलकरंजीच्या एका आत्याबाईंनी तिला जवळ बोलावले. तिने ताईंकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर नको असलेल्या प्रश्नाची भीती होती.

“कुणी गं विणली ही?” आत्याबाईंनी विचारले. “माझ्या नातीला अशीच हवी आहे. टाके किती घातले?”

धाकटी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बसा आत्याबाई, सांगते. आधी नातीच्या डोक्याचे माप लागेल.”

तीन आठवडे शेजारी बसून तिने तो हिशेब पाठ केला होता. नव्या वहीचे पहिले पान शुभ-लाभासाठी राखलेले असते. त्यामुळे जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने १२, २४, ३६ असे आकडे मांडायला घेतले. सासऱ्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि एवढेच विचारले, “परतफेडीचा रकाना आखलास का?”

“आखला मामा,” ती म्हणाली.